ठाण्यातली पहिली दिवाळी: कोणतं काम कधी उरकायचं

घोडबंदर रोडला नवीन राहायला आलेल्यांना एक गोष्ट लवकरच कळते. आपल्या पत्त्यात 'ठाणे पश्चिम' असलं तरी शेजारीपाजारी सकाळी निघताना 'ठाण्याला जाऊन येते' म्हणतात. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली इथल्या लोकांच्या बोलण्यात ठाणं म्हणजे स्टेशन, जांभळी नाका, गोखले रोड, राम मारुती रोड, तलावपाळी. एरवी रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. दिवाळीच्या आठवड्यात त्याच अंतराला किती वेळ लागेल ते रिक्षावाला सांगत नाही, तो फक्त मान हलवतो.

माझं माहेर नौपाड्यातलं. तिथून जांभळी नाका चालत, म्हणून दिवाळीची खरेदी म्हणजे 'अगं, साळीच्या लाह्या राहिल्या' म्हणत चप्पल घालून निघायचं. लग्नानंतर मानपाड्याला आले आणि पहिल्याच वर्षी त्याच सवयीने लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पिशवी घेऊन जांभळी नाक्यावर उतरले. झेंडू घेतला, केरसुणी घेतली, बत्तासे घेतले. परत यायला निघाले तेव्हा साडेचार वाजले होते. माजिवड्याच्या पुलापाशी साडेपाच. कापूरबावडीला सूर्य मावळला. घरी पोचले तेव्हा सासूबाईंनी खालच्या बागेतली चार जास्वंदं आणून पूजा उरकली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. प्लास्टिकच्या पिशवीतला दोन किलो झेंडू घाम येऊन काळपट पडला होता.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: धनत्रयोदशी लागली की माजिवड्याचा पूल ओलांडायचा नाही. पुढचं सगळं या एका नियमाभोवती बेतलेलं आहे. काय घ्यायचं ते प्रत्येक घराला ठाऊक असतं. घोळ होतो तो कोणत्या दिवशी घ्यायचं यात. हे मी मुख्यतः घोडबंदर पट्ट्यातल्यांसाठी लिहिते आहे. नौपाडा-पाचपाखाडीत घर मिळालेल्या नशीबवानांनी मधली मधली पानं गाळली तरी चालेल.

आधी कॅलेंडर

दसऱ्याला सोनं वाटून झालं की त्याच संध्याकाळी कालनिर्णय भिंतीवरून खाली काढा आणि तारखा एका कागदावर लिहून फ्रीजला लावा. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवस मिळतात. 'साधारण' म्हणते कारण तिथींचा भरवसा नसतो. २०२५ मध्ये धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला, शनिवारी आली आणि नरक चतुर्दशी थेट सोमवारी २० ला. मधला रविवार रिकामा! ज्यांनी अंदाजाने 'शनिवारी धनत्रयोदशी म्हणजे रविवारी पहिली अंघोळ' धरलं होतं, त्यांच्या घरी पाहुणे एक दिवस आधी येऊन बसले. एखाद्या वर्षी उलट होतं, पहाटे अभ्यंगस्नान आणि त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. अशा वर्षी एक अख्खा दिवस हातातून जातो.

भाऊबिजेला गावी जायचं असेल तर मात्र दसऱ्यापर्यंतही थांबू नका. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणजे दिवाळीच्या गाड्यांचं आरक्षण गणपतीच्या सुमारास उघडतं. तेव्हा चुकलं तर एसटी. ठाण्यात एसटीची दोन ठिकाणं लक्षात ठेवा, खोपट आणि वंदना. कुठली गाडी कुठून सुटते ते तिकीट काढतानाच विचारून घ्या, नाहीतर सामान घेऊन एकीकडून दुसरीकडे पळापळ. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आजी-आईला घेऊन जाणं आता बरंच परवडतं. आजीचं आधार कार्ड तेवढं हाताशी ठेवा.

दसरा ते कोजागिरी: माणसांची कामं

वस्तू नंतर मिळतात, माणसं मिळत नाहीत. म्हणून हे चार-पाच दिवस माणसांसाठी राखायचे.

पहिला शिंपी. ठाण्यातला कुठलाही बरा शिंपी दसऱ्याच्या आसपास 'आता दिवाळीनंतर' असं म्हणायला लागतो. ब्लाऊज शिवायचा असेल तर कापड नवरात्रातच द्या. तारीख विचारताना खरी तारीख सांगू नका. मी वसुबारसेच्या तीन दिवस आधी 'घरी कार्य आहे' म्हणून सांगते. शिंप्यालाही ते कार्य कुठलं ते ठाऊक असतं.

घोडबंदरच्या नव्या टॉवरांत राहणाऱ्यांना वाटतं इथे शिंपी नाही, गिरणी नाही, चपला शिवणारा नाही. सगळे आहेत, फक्त मेन रोडवर दिसत नाहीत. या टॉवरांच्या मागे जुनी गावं आहेत: ढोकाळी, कोलशेत, बाळकुम, ओवळा, कासारवडवली. गावठाणात शिरा, देवळापाशी उभं राहा आणि एखाद्या मावशींना विचारा. 'काकी, गिरणी कुठे?' एवढं पुरतं. बहुतेक वेळा त्या दारापर्यंत नेऊन सोडतात.

दुसरं, घरकामाला येणाऱ्या ताईंची सुट्टी. त्यांनाही दिवाळी असते, त्यांनाही गाव असतं. 'कधी जाणार, कधी येणार' हे दसऱ्यालाच विचारून घ्या आणि जे सांगतील ते मान्य करा. आदल्या दिवशी सुट्टी सांगितली म्हणून चिडणारे लोक मी बरेच पाहिलेत, पण त्यांतल्या कुणी आधी विचारलं होतं असं आठवत नाही.

आणि तिसरं, सफाई. यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना येते. एकच युक्ती सांगते: पंख्याचं पातं जुन्या उशीच्या अभ्र्यात घालायचं आणि अभ्रा दोन्ही हातांनी दाबत बाहेर ओढायचा. वर्षाची धूळ अभ्र्यातच राहते, डोक्यावर आणि पलंगावर पडत नाही. गाद्यांना ऑक्टोबरचं ऊन मिळतंय तोवर दाखवून घ्या, कारण परतीचा पाऊस इथे कुणाला विचारून येत नाही. रद्दीवाल्याला लवकर बोलवा. दिवाळीच्या आठवड्यात तो पाच मजले चढायला तयार नसतो. देवांचे जुने फोटो आणि फुटक्या मूर्ती सोसायटीच्या पिंपळाखाली नेऊन ठेवू नका. ते पुढे कोण उचलतं, ते एकदा सकाळी सहा वाजता उभं राहून बघा.

कोजागिरीनंतर: ठाण्याची मोठी फेरी

ही एकच फेरी, पण नीट आखलेली. शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी अर्धा दिवस रजा टाका, ती रजा वसूल होते. गाडी नेऊ नका. स्टेशनबाहेर उन्नत मार्गावर, ज्याला सगळे सॅटिस म्हणतात, घोडबंदरच्या टीएमटी, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बस येतात आणि तिथूनच सुटतात. जाताना बस, येताना ओझं असेल तर खालच्या रांगेतली रिक्षा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्यात येऊन थांबली. आमच्या बाबांच्या मते गर्दी तेव्हापासून जी उतरते आहे ती अजून संपलेली नाही.

फेरीचा क्रम असा धरा: हलकं आधी, जड शेवटी. म्हणजे आधी गोखले रोड आणि राम मारुती रोड, कपड्यांसाठी. दुकानं साडेदहा-अकराला उघडतात. त्या वेळी पोचलात तर दुकानदार बोलायच्या मनःस्थितीत असतो आणि साडी उलगडून दाखवताना सुस्कारा टाकत नाही. मुलांचे कपडे एक माप मोठे घ्या, हे सांगायला नको. तिथून तलावपाळी. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर गडकरी रंगायतनच्या बाजूला दहा मिनिटं बसा, पाणी प्या, याद्या पुन्हा वाचा. हे दहा मिनिटांचं बसणं चैनीचं नाही. इथेच नेहमी आठवतं की सोऱ्याची चकलीची चकती गेल्या वर्षीच हरवली आहे.

मग कौपीनेश्वराच्या देवळावरून जांभळी नाका. वाणसामान इथे: पातळ पोहे, डाळं, सुकं खोबरं, रवा, मैदा, बेसन, पिठीसाखर, खसखस, वेलदोडे. नवीन माणूस इथे भाव बघून हुरळतो आणि सगळं दोन-दोन किलो घेतो. चौघांच्या घराला पातळ पोहे अर्धा किलो पुष्कळ होतात, फुगून डबा भरतो. पोहे घेताना चिमूटभर तोंडात टाका. कुबट वास असेल तर पुढच्या दुकानात चला. खोबरं वाटीच घ्या, कीस नको, कारण किसाचं वय कळत नाही. सुका मेवा जास्त लागत असेल तर चार शेजारणी मिळून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीच्या घाऊक बाजारात जाऊन या. एकटीसाठी ती खेप जमाखर्चात बसत नाही.

पणत्या, रांगोळीचे रंग, आकाशकंदिलाचा कागद, किल्ल्यावरचे मावळे हे सगळं याच फेरीत. या गोष्टी नासत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा भाव वाढतो आणि मावळ्यांत फक्त मोडक्या भाल्यांचे उरतात.

गिरणी

आता सगळ्यात महत्त्वाचं. विकतच्या चकल्या आणा, करंज्या आणा, कोणी काही म्हणणार नाही. पण घरी एकच पदार्थ करायचा ठरवलात तर चकली करा, आणि चकली करायची तर भाजणी घरची असू द्या. तयार भाजणीच्या पिशव्या मिळतात. त्यांत काय असतं ते पिशवीलाच माहीत.

प्रमाण प्रत्येक घराचं निराळं असतं. आमचं असं: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धने आणि दोन चमचे जिरे. तांदूळ धुऊन जुन्या सुती पंचावर पंख्याखाली रात्रभर पसरायचे. दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. सगळं एकदम टाकलं तर मूग करपतो आणि हरभरा कच्चा राहतो. तांदूळ रंग न बदलता हलके होतात, उलथन्याला आवाज बदलल्यासारखा वाटतो. उडीद डाळ किंचित गुलाबी झाली की थांबायचं. धने-जिरे सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून उरलेल्या उष्णतेवर.

पूर्ण गार झाल्यावर गिरणीत. इथे दोन वाक्यं पाठ करून जा. पहिलं: 'भाऊ, गव्हावर दळू नका.' जात्यात आधीच्या दळणाचं पीठ राहिलेलं असतं, आणि गव्हाचं मिसळलं की चकलीची खुटखुट गेली. तांदळावर किंवा हरभऱ्याच्या डाळीवर दळून मागा. कुणाचं तसं दळण रांगेत असेल तर त्यांच्या मागे नंबर लावा, त्यासाठी चार माणसांना पुढे जाऊ द्यावं लागलं तरी. दुसरं वाक्य: 'डब्याचं झाकण लावू नका.' पीठ जात्यातून गरम पडतं. झाकण लावून नेलं की वाफ धरते आणि गुठळ्या होतात. डबा उघडा, वर पातळ फडकं, असं घरी आणायचं. स्टीलच्या डब्यावर आणि झाकणावर, दोन्हींवर नाव लिहा. आमच्या घरी आजही एक झाकण आहे ज्याचा डबा दुसऱ्या कुणाकडे दिवाळी साजरी करतो आहे.

गिरणीत जायचा दिवस: वसुबारसेच्या किमान आठवडाभर आधी, सकाळी. दुपारी लाइट जायची भीती असते आणि संध्याकाळी रांग रस्त्यावर येते. शेजारी घरघंटी असेल तर प्रश्नच मिटला, मात्र त्यांच्या घरघंटीत काल काय दळलं तेही विचारा, गोड शब्दांत.

गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर लातूरहून एक जोडपं आलं. दोघंही नोकरीला, आणि त्यांतल्या मुलीने आपल्या आईला फोन लावून लावून पहिल्यांदा चकली घातली. संध्याकाळी बेल वाजली. 'ताई, ही बघा ना, तेलात सोडली की पसरतेच.' हातात झाऱ्या, झाऱ्यावर चकलीचा चुरा. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. तेलात विरघळली तर मोहन जास्त झालं, थोडी कोरडी भाजणी मिसळा. सोऱ्यातून पाडताना तुकडे पडले तर पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लावून मळा. तळल्यावर कुरकुरीत आणि दुसऱ्या दिवशी मऊ, तर आच मोठी होती. बाहेरून रंग आला, आत कच्ची राहिली. बुडबुडे बसेपर्यंत तेलातून काढायची नाही. तिची दुसरी कढई छान उतरली. पहिल्या कढईचा चुरा आम्ही चहाबरोबर संपवला आणि मला तर तोच आवडला.

उरलेला फराळ

बाकीचा फराळ बिनदिक्कत विकत घ्या. पण दुकानात शिरण्याआधी आपल्याच इमारतीत चौकशी करा. प्रत्येक सोसायटीत ऑर्डर घेणाऱ्या एक-दोन काकू असतातच, आणि आसपास महिला बचत गटही असतात. त्यांना कोजागिरीच्या सुमारास आकडा सांगा आणि थोडे पैसे आगाऊ द्या. अनारशांसाठी तर याहूनही आधी. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून कुटायचे, गुळात मिसळून गोळा मुरत ठेवायचा. 'काकू, परवा वीस अनारसे मिळतील का?' असं विचारणारी माणसं काकूंच्या मनात कायमची नोंदली जातात.

परदेशी मुलांना पाठवायचा डबा तीन आठवडे आधी रवाना व्हायला हवा. बेसनाचे लाडू, शंकरपाळे आणि शेव नीट पोचतात. करंजी पाठवू नका. समुद्रापार पोचतं ते सारण आणि आठवण.

एक रीत लक्षात असू द्या. शेजारून फराळाचं ताट आलं की ते रिकामं परत जात नाही. आपलं काही तयार नसेल तर चमचाभर साखर घालून द्या. आमच्या मजल्यावर एक बंगाली घर आहे. पहिल्या वर्षी त्यांनी ताट घासून, लखलखीत रिकामं परत दिलं आणि सासूबाई गोंधळल्या. दुसऱ्या वर्षी त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. ताटात नारळाचे नाडू आले, आणि आता आम्ही त्यांची वाट बघतो.

दिवाळीची पोस्त

वॉचमन, सफाईवाले, पेपरवाला, दूधवाला, कचरा नेणारा दादा, इस्त्रीवाला. यादी करा आणि पाकिटं भरा. दहा-वीसच्या कोऱ्या नोटा हव्या असतील तर बँकेत दिवाळीच्या पंधरा दिवस आधी जा, नंतर 'संपल्या' हेच ऐकू येतं. घरकामाच्या ताईंना एक पगार बोनस द्यायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. मुद्दा रकमेइतकाच दिवसाचाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हातात ठेवलेले पैसे त्यांच्या दिवाळीच्या कामाचे नाहीत. त्यांनाही रवा-मैदा घ्यायचा असतो, मुलांना कपडे घ्यायचे असतात, आणि त्यांच्यासाठीही भाव वाढलेलेच असतात. म्हणून पगार आणि बोनस दोन्ही वसुबारसेच्या आठवडाभर आधी. सोसायटीने वर्गणी काढून वॉचमनना दिलं असलं तरी आपलं वेगळं पाकीट द्या. रात्री दीड वाजता गेट तुमच्यासाठी उघडतं ते सोसायटीच्या ठरावाने नाही.

किल्ला

मुलं असतील तर किल्ला होणारच, मग तो नीट होऊ दे. सेक्रेटरींना आधी विचारा: जागा कुठे, माती कुठली, दिवाळीनंतर उचलणार कोण. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपणहून दिलंत तर पहिले दोन सोपे होतात. दगड-विटा खाली, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल. किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर अळीव किंवा मोहरी पेरायची, आणि तिला वर यायला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे किल्ला वसुबारसेच्या आधीच उभा पाहिजे. आमची मुलं दरवर्षी शिंतोडे मारण्याऐवजी बादली ओततात आणि दरवर्षी एक बुरुज ढासळतो. त्याला ते लढाई म्हणतात.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी: शेवटची यादी

ही खेप जवळच्या बाजारात करायची, पूल न ओलांडता. मानपाड्याच्या आणि कासारवडवलीच्या रस्त्यांवर या दिवसांत हातगाड्या लागतात आणि त्यांच्याकडे बहुतेक सगळं मिळतं. केरसुणी, तीही मऊ लांब काड्यांची, कारण लक्ष्मीपूजनाला तिचीच पूजा होते. प्लास्टिकचा झाडू पाटावर मांडलेला बरा दिसत नाही. साळीच्या लाह्या, बत्तासे, बोळकी. धनत्रयोदशीच्या नैवेद्याला धने आणि गूळ. उटणं, सुगंधी तेल, आणि अर्थात मोती साबण, जो वर्षभर कुणी वापरत नाही आणि त्या एका पहाटेला मात्र लागतोच.

कारीट विसरू नका. लिंबाहून लहान, हिरवट-पिवळं, कडू फळ. अंघोळीनंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, नरकासुर म्हणून. डोंगराकडच्या बायका टोपलीत घेऊन बसतात, तीही एक-दोन दिवसच. दिसलं की घ्या. माणशी एक, आणि एक जास्तीचं, कारण एक नेहमी पलंगाखाली घरंगळतं.

आता टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी खास सूचना. नरक चतुर्दशीच्या पहाटे चार ते सहा अख्खी इमारत एकाच वेळी अंघोळ करते. एरवी सहाला सुरू होणारा पंप त्या दिवशी साडेतीनला सुरू करायला वॉचमनला आणि सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि तरीही रात्री दोन बादल्या भरून ठेवा. अंगाला तेल-उटणं लावलेलं आणि नळाला नुसती हवा, हा प्रसंग आमच्या घरी एकदा येऊन गेला आहे.

पहाट

नियम मोडायचा तो याच एका वेळी. नरक चतुर्दशीच्या पहाटे ठाण्यातली तरुण मंडळी नवे कपडे घालून राम मारुती रोडला आणि तलावपाळीला लोटतात. ढोल, गाणी, सेल्फी, वर्षभर न भेटलेले शाळेतले मित्र. रस्ते वाहनांना बंद होतात, म्हणून रिक्षा अलीकडेच सोडून चालत जायची तयारी ठेवा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर उजाडायच्या सुमारास जा आणि साडेसातच्या आत निघा. आठनंतर तिथे गर्दीच आपल्याला चालवते, आपण चालत नाही.

पहाटे साडेपाचला माजिवड्याचा पूल मोकळा असतो. वर्षातून एकदाच मी तो इतका रिकामा पाहते. मानपाड्याहून निघालो की वीस मिनिटांत नौपाड्यात, आईच्या हातचा फराळ, मग तलावपाळीला एक चक्कर. आणि परतताना, गर्दी वाढायच्या आत, जांभळी नाक्यावर ताजा झेंडू उतरलेला असतो, अजून दव असलेला. लक्ष्मीपूजन त्याच संध्याकाळी असो की दुसऱ्या दिवशी, तिथेच घेऊन टाका. घरी आल्यावर पाणी शिंपडून परातीत मोकळा पसरून ठेवा. आणि पिशवी कापडी न्या.